चष्म्याचा नंबर संपतो तिथून पुढं

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, उमेदीची सगळी वर्षं गेली. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायचं काम त्यांचंच. सत्तरी ओलांडली आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होत गेला. मोतीबिंदू काढून झाला होता, चष्माही दोनदा बदलला. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही." ते ऐकून आम्ही दोन वर्षं गप्प बसलो. अण्णांनी पेपर बंद करायला सांगितला, लग्नाकार्याला जाणं सोडलं. समोरचा माणूस ओळखू येत नाही, याची त्यांना लाज वाटायची.

'करण्यासारखं काही नाही' हे उत्तर एका डॉक्टरांचं नव्हे, त्यामागं मोठा इतिहास आहे. आपल्या भागाला डोळ्यांचे उपचार नवे नाहीत. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून या पट्ट्यातले लोक उपचारांसाठी मिरज गाठत आले. देशात १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला. ते योग्यच होतं, कारण सर्वाधिक अंधत्व त्यामुळंच येत होतं. पण ज्यांचा आजार ऑपरेशननं हटत नाही, त्यांच्यासाठी त्या व्यवस्थेत बराच काळ जागा नव्हती. माणूस एकतर डोळस, नाहीतर अंध, असे दोनच कप्पे.

तिसरा कप्पा उशिरा झाला. १९९२ मध्ये बँकॉकच्या बैठकीत जागतिक आरोग्य संघटनेनं अल्पदृष्टीची कामाला येणारी व्याख्या ठरवली. उपचार आणि चष्मा दोन्ही होऊनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, किंवा दृष्टीचा घेर नजर रोखलेल्या बिंदूपासून १० अंशांच्या आत. तरीही उरलेली नजर कामासाठी वापरता येते, किंवा येऊ शकेल, असा माणूस. ६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला याला ६ मीटरवर यावं लागतं. आपल्याकडं १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आणि पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची वेगळी नोंद झाली.

त्याआधीची एक समजूत मात्र फार नडली. नजर वापरली की संपते, म्हणून ती 'जपायची'. लंडनमध्ये १९०८ मध्ये अधू नजरेच्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली, तिथं वाचन-लेखन शक्य तितकं टाळलं जाई. हे मत मोडून काढायचं काम अमेरिकेतल्या नॅटली बरागा यांनी केलं. त्यांनी १९६४ मध्ये दाखवलं की सराव दिला तर मुलं उरलेली नजर जास्त चांगली वापरतात, मोजलेली नजर आहे तेवढीच राहिली तरी. आपल्याकडं आजही 'डोळ्यांना ताण देऊ नका' म्हणत म्हाताऱ्या माणसांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं जातं. ते थांबायला हवं.

उरलेली नजर वापरायला भिंगाची मदत होते. त्याचं गणित साधं, पण कठोर आहे. डायॉप्टर हे भिंगाची ताकद मोजायचं माप; २० डायॉप्टरचं भिंग वस्तूपासून ५ सेंटिमीटरवरच धरावं लागतं. ताकद जितकी जास्त, तितकं अंतर कमी आणि एका वेळी दिसणारी अक्षरंही कमी. हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं स्टँड भिंग बरं. फळा किंवा एसटीची पाटी वाचायला छोटी दुर्बीण लागते. हे कुणी शिकवलं नाही तर महागडं भिंग आठवड्यात कपाटात जातं.

या साधनांनी आयुष्य किती बदलतं, हे मोजायची पद्धत तर आणखी अलीकडची. तपासणीच्या तक्त्यावर एक ओळ जास्त वाचता आली, यावरून घरातलं काही कळत नाही. म्हणून २००० च्या सुमारास २५-२५ प्रश्नांच्या प्रश्नावल्या तयार झाल्या, आणि २००३ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या संशोधकांनी मुलांसाठी फळ्यापासून बसच्या नंबरापर्यंतचे इथल्या जगण्यातले प्रश्न विचारले. २००८ मध्ये अमेरिकेत पडद्याचा आजार असलेल्या १२६ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. त्यांच्यातल्या निम्म्यांना साधनं दिली, शिकवलं, घरी सराव दिला, एकदा घरी जाऊनही पाहिलं. त्यांची वाचायची क्षमता वाढली. जे प्रतीक्षा यादीत राहिले त्यांची आणखी घटली. आमची ती दोन वर्षं मला इथं आठवतात.

अण्णांना पुढं स्टँड भिंग मिळालं, टेबलावर वाकती मान असलेला दिवा आला. मधलं दिसत नाही म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची, ही युक्ती शिकायला त्यांना दोन महिने लागले. अजून कथा-कादंबरी जमत नाही, थकतात. पण पेपर पुन्हा सुरू केलाय. सकाळी राजापुरी हळदीचा दर ते स्वतः वाचतात, आणि तो मला सांगताना माझ्या कानाकडं बघतात, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसतो.