कळवळा (ख्रिस्ती सुवार्ताकार्य)

कळवळा : दुसऱ्याची अवस्था पाहून आतडे तुटणे आणि त्यापोटी त्याला सुवार्ता, म्हणजे येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान, सांगावेसे वाटणे, या अर्थाने ख्रिस्ती परंपरेत रूढ असलेली संकल्पना. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटची आज्ञा (२८:१९) बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच शुभवर्तमानात बारा शिष्यांना पहिल्यांदा धाडले जाते, त्या प्रसंगाची सुरुवात आज्ञेने होत नाही. येशू लोकसमुदायाकडे पाहतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे गांजलेले, पांगलेले लोक पाहून त्याला कळवळा येतो (९:३६). पीक फार आणि कामकरी थोडे, हे वाक्य त्यानंतरचे. आणि पाठवणी त्याच्याही नंतर, दहाव्या अध्यायात.

मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्निझोमाई’ हे ‘स्प्लांख्ना’, म्हणजे आतडी, या शब्दावरून आले आहे. ते नव्या करारात १२ वेळा येते आणि तेही फक्त मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत. त्याचा कर्ता दर वेळी येशू तरी असतो, नाहीतर त्याच्या दाखल्यातले एखादे पात्र : चाकराचे कर्ज सोडणारा राजा, जखमी वाटसरूपाशी थांबणारा शोमरोनी, उधळ्या मुलाला दुरून पाहताच धावत सुटणारा बाप. शिष्यांना कळवळा आला, असे या तिन्ही शुभवर्तमानांत एकदाही म्हटलेले नाही. जुन्या करारातला याच्या जवळचा हिब्रू शब्द ‘रहामीम’. त्याचे नाते ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी आहे. मराठी बायबलने ‘कळवळा’ हा शब्द घेतला, तो संतवाङ्मयातून ‘लाभावीण प्रीती’ची छटा घेऊनच आलेला. त्यामुळे या संकल्पनेतला मूळ पेच मराठीत आपोआप टोकदार होतो. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा अशी इच्छा धरणारी प्रीती लाभावीण म्हणायची का?

कळवळ्यातून नेमके काय करायचे, याचे उत्तर शुभवर्तमानांतही एकसारखे नाही. पाच हजारांच्या भोजनाच्या प्रसंगी येशू नावेतून उतरतो आणि गर्दी पाहतो. मार्क लिहितो : त्याला कळवळा आला आणि तो त्यांना पुष्कळ गोष्टी शिकवू लागला (६:३४). त्याच क्षणाबद्दल मत्तय लिहितो : त्याला कळवळा आला आणि त्याने त्यांच्यातील आजाऱ्यांना बरे केले (१४:१४). लूक कळवळ्याचा शब्द गाळतो, पण शिकवणे आणि बरे करणे दोन्ही सांगतो (९:११). संध्याकाळी भाकरी मात्र तिघांच्याही वृत्तांतात वाटल्या जातात. आधी वचन की आधी भाकर, हा पुढे मिशनकार्यात शतकानुशतके चाललेला वाद या तीन ओळींत बीजरूपाने आहे.

कळवळ्याविना संदेश पोहोचवणाऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे योना संदेष्टा. तो निनवेत इशारा देतो, शहर पश्चात्ताप करते, आणि हा रागावून बाहेर जाऊन बसतो. डोक्यावर सावली धरणारे झाड सुकले म्हणून त्याला वाईट वाटते. उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणाऱ्या १,२०,००० हून अधिक माणसांबद्दल आणि त्यांच्या गुराढोरांबद्दल वाटत नाही. प्रचारक म्हणून योना कमालीचा यशस्वी आहे, हीच त्या कथेतली मेख.

प्रेषित पौलाची पत्रे दुसऱ्या टोकाची. आपल्या बांधवांसाठी स्वतः ख्रिस्तापासून तोडले जाण्याचीही त्याची तयारी आहे (रोम. ९:३). थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की, लेकरांचे लालनपालन करणाऱ्या आईसारखे आम्ही तुमच्यात वागलो आणि सुवार्तेबरोबर आपला जीवही तुम्हांला द्यायला राजी होतो (१ थेस्स. २:७-८).

कळवळ्याच्या नावाखाली जबरदस्तीही झाली आहे. ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ या लूकमधील वाक्याचा (१४:२३) आधार घेऊन बिशप व धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील दोनातवादी ख्रिस्ती पंथावर राजसत्तेने केलेल्या सक्तीचे समर्थन केले. चुकलेल्याचे आत्मिक हित साधणे हीच खरी माया, असा त्याचा युक्तिवाद. आठव्या शतकात फ्रँक राजा शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांत बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड ठरवला गेला. त्याच्याच दरबारी वावरलेल्या अल्क्विन या विद्वानाने श्रद्धा सक्तीने येत नाही, असे ठणकावून लिहिले. १२१९ मध्ये धर्मयुद्ध पेटलेले असताना असिसीचा संत फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानाला निःशस्त्र भेटायला गेला. १२२१ च्या त्याच्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहण्याच्या दोन रीती आहेत : वादविवाद न करता सर्वांच्या अधीन होऊन राहणे, ही एक, देवाला रुचेल असे दिसल्यास वचन सांगणे, ही दुसरी. सोळाव्या शतकात बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने स्पॅनिश विजेत्यांना बजावले की, लोकांना श्रद्धेकडे नेण्याची रीत एकच : बुद्धीला पटवणे आणि इच्छेला हळुवारपणे वळवणे.

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनात कळवळ्याची जागा पुष्कळदा कीव घेते. फरक बारीक, पण बोचणारा. कीव वरून खाली पाहते. समोरच्याकडे स्वतःचे काही आहे, हे तिला दिसत नाही. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझरिया यांनी हे तोंडावर सांगितले. तुम्ही गरिबांना अन्न देण्यासाठी आपली मालमत्ता दिली, आपली शरीरे जाळण्यास दिली. आम्ही प्रीतीही मागतो, आम्हांला मित्र द्या, अशी त्यांची मागणी होती. श्रोत्यांत बहुसंख्य पाश्चात्त्य मिशनरी होते. श्रीलंकेचे धर्मोपदेशक डी. टी. नाइल्स यांची पुढची व्याख्याही याच वळणाची : सुवार्ता सांगणे म्हणजे एका भिकाऱ्याने दुसऱ्या भिकाऱ्याला भाकर कुठे मिळते ते सांगणे. यात सांगणाराही उपाशीच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चसंस्थांनी या प्रश्नांना लेखी उत्तरे दिली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य मान्य केले आणि सक्ती वा अनुचित आमिष यांनी कोणालाही विश्वासात ओढण्यास मनाई केली. १९७४ च्या लोझान करारनाम्यात इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळींनी सुवार्ता आणि सामाजिक कार्य ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये मानली. २०११ मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठीची परिषद, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ यांनी बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीविषयी, म्हणजे आपली श्रद्धा शब्दांनी व कृतीने मांडण्याविषयी, एकत्र शिफारशी काढल्या. शिक्षण, आरोग्यसेवा, मदतकार्य हे साक्षीचे भाग आहेत. पण लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणे व आर्थिक आमिष दाखवणे याला साक्षीत जागा नाही, असे त्यांत स्पष्ट आहे.

ऐकणारा नाही म्हणाला तर काय, यासाठी अभ्यासक बहुधा मार्कच्या दहाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाकडे वळतात. येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि असेल नसेल ते विकून गरिबांना द्यायला सांगितले. तो खिन्न होऊन निघून गेला. येशूने अट सैल केली नाही, आणि त्याला अडवलेही नाही.