कानाखालची गाठ आणि फुले योजना: आधी मंजुरी, मग ऑपरेशन

कानाखाली गाठ दिसली की घरात सगळे गालगुंड म्हणून मोकळे होतात. पण न दुखणारी गाठ महिनोन्महिने तशीच असेल तर ती लाळग्रंथीची असू शकते. बऱ्याचशा साध्याच निघतात, काही मात्र कॅन्सरच्या, आणि नुसतं बघून ते कळत नाही, म्हणून कोणी "छोटी आहे, कापून टाकू" म्हणालं तरी घाई नको. आधी सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, मग लागेल तसा एमआरआय. चेहऱ्याची नस ह्याच ग्रंथीतून जाते, त्यामुळे डोळा नीट मिटत नसेल, तोंड एका बाजूला जात असेल तर डॉक्टरांना पहिलं ते सांगा.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर २०२३ च्या जीआरने कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून ५ लाख झालं, आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन जायचं, मग हॉस्पिटल ऑनलाइन मंजुरी मागतं आणि ती आली की ऑपरेशन. हा क्रम चुकवू नका, योजना कॅशलेस आहे, स्वतः भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. योजनेतलं प्रत्येक हॉस्पिटल कॅन्सरचं ऑपरेशन करतंच असं नाही, ते आधी योजनेच्या १५५३८८ ह्या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

आमच्या मावशीचं रेशनकार्डावर नाव "बाई" लावून आणि आधारवर नुसतंच, त्या एका शब्दापायी दोन दिवस गेले (गाठ बिचारी तिथेच होती म्हणा). तेव्हा नावं घरीच जुळवून बघा.

गाठ आधीच काढून झाली असेल तर नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. ज्या लॅबमध्ये तपासली तिथून काचा (स्लाइड, ज्यांवर गाठीचा पातळ काप असतो) आणि ब्लॉक मागून आणा, टाटासारख्या कॅन्सर हॉस्पिटलात ते परत तपासतात कारण ह्या गाठींचे प्रकार ओळखायला अवघड असतात. ब्लॉक म्हणजे नंबर टाकलेल्या छोट्या प्लास्टिकच्या चौकटीतलं मेण, त्यात गाठीचा तुकडा असतो. उन्हात गाडीत ठेवू नका, वितळेल. परत मिळाले की फाइलीतच ठेवा, कारण लाळग्रंथीच्या कॅन्सरचा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक नावाचा प्रकार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो आणि तेव्हा डॉक्टर पहिलं जुनाच ब्लॉक मागतात.