'द रॉक'च्या आधीचा ड्वेन

कुस्तीतून हॉलीवूडमध्ये गेलेल्या ड्वेन जॉन्सनची आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची पहिली ओळख ट्रम्प कार्डांवर झाली. दप्तरात लपवून शाळेत नेलेल्या त्या पत्त्यांवर 'द रॉक'ची उंची, वजन, छाती, दंड असं सगळं छापलेलं असायचं. त्याला मुळात पैलवान व्हायचंच नव्हतं, हे मात्र कुठल्याच पत्त्यावर नव्हतं. त्याला फुटबॉल खेळायचा होता. हा फुटबॉल अमेरिकी, अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचा आणि समोरच्याला अंगावर घेऊन आडवा करायचा.

असा खेळाडू कुस्तीत येणं अमेरिकेत नवं नव्हतं. प्रॉव्हिडन्सच्या संघातून खेळणाऱ्या गस सोननबर्गने १९२९ साली एड 'स्ट्रँगलर' लुईससारख्या दिग्गजाला हरवलं, तेही फुटबॉलमधल्या धडकेचाच डाव करून. पुढे शिकागो बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की १९३७ साली कुस्तीत जगज्जेता ठरला. त्या काळी फुटबॉलचा हंगाम छोटा असे आणि पैसेही बेताचेच मिळत. अंगात ताकद होती, नाव लोकांना ठाऊक होतं. उरलेल्या महिन्यांत चूल पेटती ठेवायला कुस्ती कामी यायची.

जॉन्सनच्या बाबतीत कुस्ती घरातच होती. आईकडचे आजोबा पीटर मैव्हिया सामोअन पैलवान. १९६७ च्या बाँडपटात त्यांनी जेम्स बाँडशी मारामारीही केली होती. वडील रॉकी जॉन्सन यांनी टोनी अ‍ॅटलसच्या साथीने १९८३ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या बड्या कुस्ती कंपनीचं जोडीचं विजेतेपद मिळवलं, आणि तिथे ते मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय जोडी ठरली. पण घराण्याचं नाव मोठं असलं तरी घरात पैसा टिकत नव्हता. ड्वेन १४ वर्षांचा असताना भाडं थकलं आणि हवाईतलं राहतं घर सोडावं लागलं. या धंद्याची चमक आणि त्यामागची ओढाताण, दोन्ही त्याने लहान वयातच पाहिली होती. फुटबॉलची त्याची ओढ मला त्यामुळेच समजण्यासारखी वाटते.

पेनसिल्व्हेनियातल्या शाळेत तो चमकला आणि मायामी विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. १९९१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो होता. मग दुखापती आल्या, आणि त्याच्याच जागेवर वॉरन सॅप नावाचा असामान्य खेळाडू उभा राहिला. एनएफएल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीगच्या एकाही संघाने त्याला निवडलं नाही. १९९५ साली तो कॅनडातल्या कॅलगरी स्टॅम्पिडर्सच्या सराव संघात गेला. दोन महिन्यांत तिथूनही नारळ मिळाला. तो स्वतः सांगतो, की घरी परतताना खिशात सात डॉलर होते. त्याच्या चित्रपट कंपनीचं नाव 'सेव्हन बक्स' आहे, ते त्यावरूनच.

आता कुस्ती शिकव, असं त्याने वडिलांना म्हटलं तेव्हा वडिलांचा आधी विरोध होता. अखेर त्यांनीच त्याला तयार केलं. मेम्फिसमध्ये काही महिने 'फ्लेक्स कव्हाना' या नावाने खेळल्यावर नोव्हेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या रिंगमध्ये तो 'रॉकी मैव्हिया' म्हणून उतरला. अर्धं नाव वडिलांचं, अर्धं आजोबांचं. गुणी, हसरा, सज्जन नायक म्हणून कंपनीने त्याला पुढे केलं आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये 'इंटरकॉन्टिनेन्टल' विजेतेपदाचा पट्टाही दिला. प्रेक्षकांनी मात्र त्याची हुर्यो उडवली. हजारो लोक एका सुरात 'डाय, रॉकी, डाय' ओरडत होते. वय होतं अवघं २४.

इथे थोडं थांबायला हवं. निकाल आधीच ठरलेल्या लढतीला आपण नुरा कुस्ती म्हणतो, आणि तालमीच्या मातीत तो कलंकच. अमेरिकी रेसलिंगमध्ये मात्र निकाल ठरलेला असतो हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक असतं. ते पाहतात सोंग किती खरं उतरलं ते. डाव खोटा चालतो. पात्र खोटं वाटलेलं चालत नाही. रॉकी मैव्हियाचा गोडवा लोकांना खोटा वाटला.

ऑगस्ट १९९७ मध्ये तो खलनायकांच्या टोळीत गेला, हातात माइक घेतला आणि लोकांच्या रागालाच उत्तर देऊ लागला. स्वतःचा उल्लेख 'द रॉक' असा करणं, उंचावलेली एक भुवई, वाक्याच्या मधे घेतलेला नेमका विराम. शिव्या देणारेच लोक त्याच्याबरोबर वाक्यं म्हणायला लागले. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूएफ विजेता झाला. माझ्या मते त्याची अभिनयशाळा हीच. रोज नवं गाव, समोर हजारो माणसं, आणि चुकलं तर त्याच क्षणी कळणार.

चित्रपटांचा रस्ता मग सरळ होता. २००१ मध्ये 'द ममी रिटर्न्स'मध्ये छोटी भूमिका, आणि लगेच २००२ मध्ये 'द स्कॉर्पियन किंग'मध्ये नायक; मानधन ५५ लाख डॉलर. २००४ नंतर काही वर्षं तो रिंगपासून दूर राहिला, पुढे अधूनमधून परतला.

फुटबॉल मात्र सुटला नाही. २००६ मध्ये त्याने पडद्यावर फुटबॉलचा प्रशिक्षक केला, २००७ मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. २०२० मध्ये दिवाळखोरीत निघालेली एक्सएफएल ही फुटबॉल लीग त्याने पूर्वाश्रमीची पत्नी आणि व्यवसायातली भागीदार डॅनी गार्सिया आणि एका गुंतवणूक कंपनीसोबत सुमारे दीड कोटी डॉलरना विकत घेतली. एनएफएलमध्ये जागा न मिळालेले किंवा तिथून वगळलेले कितीतरी खेळाडू त्या लीगमध्ये होते. २०२४ पासून ती दुसऱ्या एका लीगमध्ये विलीन होऊन यूएफएल या नावाने खेळते आहे.