‘कुणीही संपादन करा’पासून ते खरोखर करता येण्यापर्यंत

वेबचा पहिला ब्राउझर संपादकही होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत तो बनवला, तेव्हा वाचता वाचता त्याच खिडकीत पान लिहिताही येत असे. पण तो चालायचा फक्त नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. पुढे लोकांपर्यंत पोचले ते केवळ वाचण्याचे ब्राउझर, आणि लिहिणं एचटीएमएल ही वेबपानं लिहिण्याची खुणांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती गेलं.

ही कोंडी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये विकीविकीवेब हे कुणालाही संपादन करता येणारं संकेतस्थळ सुरू करून फोडली. पानावरच संपादनाचा दुवा आणि मोजक्याच खुणा. मात्र तिथे लिहिणारे बहुतेक प्रोग्रामर होते. त्यांना सोपं ते सगळ्यांना सोपं, असं जणू गृहीतच धरलं गेलं. २००१ साली विकिपीडियाने हीच पद्धत उचलली. ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं, दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस. एवढं कुणालाही जमण्यासारखं होतं.

गुंता नंतर वाढला, आणि तो कुणी मुद्दाम वाढवला नाही. साचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे आले, लेखाच्या कडेला थोडक्यात माहिती देणाऱ्या माहितीचौकटी आल्या, मजकुरातच संदर्भ देण्याची सोय आली. प्रत्येक गोष्ट गरजेचीच होती. पण नवख्या माणसाने एखाद्या नदीवरच्या लेखातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारायला ‘संपादन’वर टिचकी मारली, की समोर महिरपी कंस आणि उभ्या रेघांच्या ओळीच्या ओळी यायच्या. लेखाचं पहिलं वाक्य कुठेतरी खाली, तेही मध्येच लांबलचक संदर्भाने तुटलेलं. भूगोलाचा जाणकार इथूनच माघारी फिरायचा, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोचून घसरू लागली. दोष एकट्या मांडणीचा नव्हता. नवख्यांचे बदल झटपट उलटवले जात, त्याचाही वाटा होता. २००९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने सुलभतेचा प्रकल्प हाती घेतला आणि नवख्यांना संपादन करायला बसवून ते कुठे अडतात हे पाहिलं. २०१० मध्ये ‘व्हेक्टर’ ही नवी मांडणी आली.

जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर यथादृश्य संपादक सर्रास सुरू झाला. खुणा दिसणार नाहीत, पान दिसतं तसंच बदलता येईल, अशी ती सोय होती. पण तो संथ होता, चांगला मजकूर बिघडवायचा, कधी बुद्धिबळातल्या प्याद्याचं चिन्ह वाक्यात टाकून जायचा. निस्तरावं लागायचं ते जुन्या संपादकांना. त्यांचा विरोध इतका वाढला की सप्टेंबरमध्ये यथादृश्य संपादक पुन्हा ऐच्छिक झाला. ज्यांच्या श्रमावर संकेतस्थळ उभं आहे त्यांना नको असलेलं स्वागत नवख्यांच्याही कामाचं नसतं. दुरुस्त्या होऊन २०१५ पासून तो नव्या खात्यांना टप्प्याटप्प्याने मिळू लागला.

कुणालाही भर घालता येणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशानेही २०१३ मध्येच ‘आयडी’ हा ब्राउझरमध्ये चालणारा नकाशा-संपादक आणला. जाणत्यांचा ‘जोसम’ हा जुना नकाशा-संपादक मात्र तसाच ठेवला, आणि हे मला शहाणपणाचं वाटतं.