अफवर्की: आडनाव नसलेलं आडनाव

आडनावांचे आकडे देणाऱ्या साइट्स असतात बघा, आपलं आडनाव टाकलं की जगात किती जण, कुठल्या देशात जास्त, क्रमांक कितवा, सगळं सांगतात. तिथे पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाचं अफवर्की हे नाव टाकलं की ते एकदम दुर्मिळ निघतं, मूठभर माणसं. वाचून वाटतं की कुठल्यातरी डोंगरात अफवर्की घराण्याची दोनचार घरं उरलीयेत आणि वंश संपत आलाय. मलाही आधी तसंच वाटलेलं. पण तिथली नावं कशी ठेवतात ते कळल्यावर हसूच आलं, कारण अफवर्की घराणं असं काही नाहीच, कधी नव्हतंच.

एरिट्रियात, म्हणजे मुख्यतः राजधानी अस्मारा आणि आसपासच्या पठारावरच्या तिग्रिन्या बोलणाऱ्या ख्रिश्चन लोकांत, आडनाव ही भानगडच नसते. स्वतःचं नाव, त्यापुढे बापाचं, आणि कागदोपत्री गरज पडली तर आजोबांचं, संपलं. आपल्या राहुल सुरेश पाटीलमधला पाटील खोडून टाका आणि राहुल सुरेश एवढंच ठेवा, तसं. आता हा राहुल परदेशात गेला की तिथला क्लार्क शेवटचा शब्द बघून सुरेशला सरनेमच्या रकान्यात टाकणार आणि उद्यापासून राहुल झाला मिस्टर सुरेश! एरिट्रियात बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, बापाचंच नाव शेवटपर्यंत. त्यामुळे एका घरात नवरा, बायको आणि मुलं यांचे शेवटचे शब्द तीन प्रकारचे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

समजा एका माणसाचं नाव अफवर्की तेस्फाय. तेस्फाय त्याचा बाप. या अफवर्कीला मुलगा झाला, नाव ठेवलं किदाने, तर तो किदाने अफवर्की. किदानेला मुलगी झाली सेलाम, ती सेलाम किदाने. बघा, अफवर्की हा शब्द आजोबांच्या वेळी पहिला होता, बापाच्या वेळी शेवटी गेला, नातीच्या वेळी गायब (पूर्ण तीन नावं लिहायची वेळ आली तर सेलाम किदाने अफवर्की, पण एरवी नाही). म्हणजे या "आडनावाचं" आयुष्य फार तर एक पिढी, आणि कुणीतरी पुन्हा पोराचं नाव अफवर्की ठेवलं की ते नव्याने जन्माला येतं. मग त्याला दुर्मिळ म्हणायचं की सर्रास म्हणायचं, प्रश्नच चुकीचा आहे.

हे नाव जगाला माहीत झालं ते एकाच माणसामुळे, इसायास अफवर्की, २४ मे १९९३ ला एरिट्रिया इथिओपियापासून रीतसर स्वतंत्र झाल्यापासून आजपर्यंत तेच राष्ट्राध्यक्ष, दुसरं कोणी झालंच नाही. बाहेरचे चॅनलवाले त्यांना "मिस्टर अफवर्की" म्हणतात, म्हणजे शब्दशः त्यांच्या वडिलांना हाक मारतात. देशातले लोक नुसतं इसायास म्हणतात, आणि ही सलगी नाही, तीच तिथली रीतसर पद्धत. आदरार्थी म्हणायचं झालं तर पुढे "आयते" लावतात, आपल्या श्रीयुतसारखं, तेही पहिल्या नावाच्याच आधी. आणि इसायास यांच्या मुलांच्या नावापुढे लागतं ते इसायास. अफवर्की नाही.

कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे ते डॉ. टेड्रोस आठवतात? जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख. ते इथिओपियाचे, पण जन्म अस्माराचा, १९६५ चा. पूर्ण नाव टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस, अधानोम वडील, घेब्रेयेसस आजोबा. म्हणून सगळे डॉ. टेड्रोस म्हणायचे आणि तेच बरोबर होतं. (२०२२ मध्ये गांधीनगरला मोदींनी त्यांचं नाव तुळशीभाई ठेवलं, ते वेगळंच.) सायकलिंगमध्ये मात्र हा घोळ निस्तरलाच नाही. १ जुलै २०२४ ला तूरिनमध्ये बिनियम गिरमाय टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला, असं करणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन, नंतर आणखी दोन टप्पे जिंकून सगळ्यात जास्त गुणांची हिरवी जर्सीपण घरी नेली, आणि जगभर हेडलाइन काय तर "गिरमाय जिंकला". गिरमाय म्हणजे त्याचे वडील. चाहते त्याला बिनी म्हणतात, चाहत्यांचंच बरोबर.

आता नावाचा अर्थ, कारण खरी मजा तिथे आहे. "अफ" म्हणजे तोंड, "वर्की" म्हणजे सोनं. सोन्याचं तोंड, सुवर्णमुख. आपण चांगली बातमी आणणाऱ्याला तुझ्या तोंडात साखर पडो म्हणतो, त्यांनी थेट सोनंच घातलंय. पण हे घरगुती कौतुकातून आलेलं नाव नाही, चर्चमधून आलेलं आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टँटिनोपलला जॉन नावाचे धर्मगुरू होते, वारले ४०७ मध्ये, प्रवचन असं करायचे की मागाहून लोकांनी त्यांना ग्रीकमध्ये क्रिसोस्टोम म्हणायला सुरुवात केली. क्रिसोस म्हणजे सोनं, स्टोमा म्हणजे तोंड. इकडे अक्सुमच्या राज्यात, म्हणजे आजचा एरिट्रिया आणि उत्तर इथिओपिया, साधारण त्याच सुमारापासून ग्रीक धर्मग्रंथ गीझ भाषेत उतरायला लागले होते, आणि ही पदवी त्यांनी तशीच न उचलता भाषांतर करून घेतली: योहान्नेस अफवर्क. तिथल्या चर्चच्या पूजेत ज्या चौदा मोठ्या प्रार्थना म्हटल्या जातात त्यातली एक याच योहान्नेसच्या नावावर आहे, त्यामुळे हे नाव पठारावरच्या माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत आलेलं.

गीझ म्हणजे तिकडची संस्कृतच समजा, घरी कोणी बोलत नाही, देवळात चालते, आणि नावं सगळी तिच्यातून येतात. आपण सुवर्ण आधी आणि मुख नंतर जोडतो, गीझमध्ये उलटं, आधी तोंड मग सोनं, आणि "चा ची चे" चं काम पहिल्या शब्दाच्या शेवटचा एक छोटासा "अ" करतो. हा "अ" एकदा ओळखता आला की एरिट्रियातली निम्मी नावं उलगडतात. घेब्रे म्हणजे अमक्याचा सेवक, वेल्दे म्हणजे अमक्याचा मुलगा, हायले म्हणजे अमक्याची शक्ती, टेकले म्हणजे अमक्याचं रोप. घेब्रेयेसस हा येशूचा सेवक, टेकलेहायमानोत हे श्रद्धेचं रोप. रोमन लिपीत तो "अ" धड लिहिता येत नाही म्हणून तिकडे "ए" पडतो आणि मग आपणही तसंच वाचतो.

यावरून लिपीचं सांगायलाच पाहिजे. तिग्रिन्या ज्या लिपीत लिहितात ती आपल्या बाराखडीच्या चालीवरची आहे, एका अक्षरात व्यंजन आणि स्वर दोन्ही, पोरं घोकतात ते ह, हु, ही, हा, हे, ह्, हो असं, बारा नाही तर सात. अफवर्की त्यात पाच अक्षरांत बसतं, अ, फ, व, र्, की, देवनागरीत जवळजवळ जसंच्या तसं. फक्त शेवटच्या की मधला क घशात दाबून झटक्यात सोडायचा असतो, तो आवाज आपल्याकडे नाही. रोमनमध्ये मात्र या बिचाऱ्या नावाचे हाल. अफवर्की, अफेवर्की, अफेवोर्की, क च्या जागी कधी के कधी क्यू, व च्या जागी डब्ल्यू नाहीतर इटालियन वळणाचा व्ही. साइटवाल्यांचं कॉम्प्युटर प्रत्येक स्पेलिंगला वेगळं आडनाव मानतं. एक नाव, तुकडे पाचसहा, आणि मग प्रत्येक तुकडा दुर्मिळ!

शेवटची ती "की" पण महत्त्वाची. सोन्याला इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत वर्क म्हणतात, तिग्रिन्यामध्ये वर्की. म्हणून अफेवर्क दिसलं तर माणूस बहुतेक अम्हारिक बाजूचा आणि अफवर्की दिसलं तर एरिट्रिया नाहीतर शेजारचा, इथिओपियातला तिग्राय. नियम पक्का नाही पण अंदाज बांधायला बरा. १९०८ मध्ये रोममध्ये पहिली अम्हारिक कादंबरी छापली ती अफेवर्क घेब्रेयेसस यांनी, आदिस अबाबाच्या आफ्रिका हॉलमधल्या त्या प्रचंड रंगीत काचा केल्या त्या अफेवर्क टेकले या चित्रकाराने. दोघांचंही अफेवर्क हे पहिलं नाव आहे, आडनावांच्या यादीत ते येणारच नाहीत. आजपर्यंत जितके अफवर्की होऊन गेले त्यातले पहिल्या जागेवरचे सगळे या हिशोबातून बाहेर.

मग आडनावावाचून इतकी शतकं चाललं कसं? कारण वंशावळ तोंडपाठ असायची. पठारावर जमिनीचे दोन मोठे प्रकार होते. एक दिएसा, जमीन अख्ख्या गावाची आणि ठराविक वर्षांनी, बऱ्याच ठिकाणी सात, पुन्हा वाटप. दुसरा रिस्ती, म्हणजे वंशाच्या हक्काची, आणि त्यात वाटा मागायचा तर आपण गाव वसवणाऱ्या मूळपुरुषापर्यंत कसे पोचतो ते बाप, आजा, पणजा, खापरपणजा असं नाव घेत सांगता आलं पाहिजे. थोडक्यात सातबारा तोंडी होता. ज्याला सात पिढ्या घडाघड म्हणता येतात त्याला एका शब्दाच्या आडनावाची गरज काय? कुळाचं नाव होतं, पण ते माणसाला नाही तर गावाला चिकटायचं, "देकी" म्हणजे अमक्याची लेकरं. अस्माराच्या खाली देकेमहारे नावाचं गाव आहे ना, ते देकी मेहारी, मेहारीची लेकरं. आपल्याकडे गावावरून माणसाला कर चिकटलं, सातारकर नि पंढरपूरकर, तिकडे माणसावरून गावाला नाव पडलं. त्यात चर्चमध्ये मुलाला चाळिसाव्या दिवशी आणि मुलीला ऐंशीव्या दिवशी बाप्तिस्म्याचं आणखी एक नाव मिळतं, ते रोजच्या वापरात नसतं, त्यामुळे नावांची टंचाई तर अजिबातच नाही.

मुसलमान एरिट्रियन, म्हणजे तिग्रे (तिग्रिन्यावाल्यांहून वेगळे), साहो, अफार वगैरे जमाती, त्यांच्याकडे नावं बरीचशी अरबी असतात पण साचा तोच, स्वतःचं आणि बापाचं. आणि आपल्याकडचा हबशी हा शब्दसुद्धा त्याच भागातल्या हबेशा या नावावरून, जंजिऱ्याचं हबसाणही त्यातूनच. इतिहासात वाचलेले सिद्दी जौहर, सिद्दी हिलाल आठवा, तिथे सिद्दी हे आडनाव नव्हतंच, नावाच्या आधी लागायचं. आज सिद्दी आडनाव लावणारी माणसं आहेत. शब्द पुढून मागे गेला की आडनाव तयार, एवढंच असतं ते.

खरं आडनाव एरिट्रियात आणलं इटालियनांनी. १८९० मध्ये त्यांनी वसाहत जाहीर केली, देशाला एरिट्रिया हे नावही त्यांचंच, लाल समुद्राच्या जुन्या ग्रीक-लॅटिन नावावरून. इटालियन बाप आणि एरिट्रियन आई अशी मुलं झाली त्यातल्या काहींना बापाने आडनाव दिलं, ते पुढे पिढ्यान् पिढ्या चाललं. मग मुसोलिनीच्या सरकारने १९४० मध्ये कायदाच केला की इटालियन बापाने अशा मुलाला आपलं म्हणायचं नाही, आडनावही द्यायचं नाही. म्हणजे जे एकमेव आडनाव पोराला मिळू शकत होतं ते कायद्याने काढून घेतलं, आणि अशी कितीतरी मुलं आईकडच्या आजोबांचं नाव लावून मोठी झाली. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

पुढे १९६० चा इथिओपियाचा सिव्हिल कोड आला, एका फ्रेंच कायदेपंडिताने लिहिलेला, त्यात प्रत्येकाला कुटुंबाचं आडनाव असेल असं सरळ कलम होतं. १९६२ मध्ये इथिओपियाने एरिट्रिया गिळंकृत केल्यावर तो तिथेही लागू. लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही, नावं होती तशीच राहिली.

उरला प्रश्न किती अफवर्की आहेत. स्वातंत्र्यानंतर एरिट्रियात एकदाही पूर्ण जनगणना झालेली नाही, देशाची लोकसंख्या ३५ लाख की ६० लाख यावरच एकमत नाही, तिथे एका नावाची मोजणी कुठून येणार? साइटवरचे आकडे येतात ते इंटरनेटवर सापडणाऱ्या याद्यांतून, आणि अशा याद्या बहुतेक असतात स्वीडन, जर्मनी, इटली, अमेरिका इथल्या. म्हणजे मोजले जातात ते मुख्यतः देश सोडून गेलेले, आणि त्यातलेही फक्त ज्यांच्या बापाचं किंवा आजोबांचं नाव योगायोगाने अफवर्की होतं ते.

आणि तिथे गेल्यावर नाव गोठतं. वर समजा म्हटलेल्या किदानेचंच घ्या, तो निर्वासित म्हणून स्वीडनला पोचला, दुभाष्याने जे ऐकलं ते क्लार्कने टाइप केलं, किदाने अफवर्की, आडनाव अफवर्की. त्याची थोरली सेलाम अस्माराला जन्मली होती, तिच्या कागदांवर सेलाम किदाने. धाकटा तिकडेच स्वीडनच्या हॉस्पिटलात झाला, त्याला कागदावर लावलं बापाचं आडनाव, म्हणजे आजोबांचं नाव, अफवर्की. सख्खी भावंडं, एक किदाने, एक अफवर्की, आणि शाळेत दोघांना विचारतात तुम्ही चुलत का रे. साइटवर मात्र त्या दिवशी अफवर्की एकाने वाढलेले असतात.