“माका जमूचा नाय”

मालवणजवळच्या आमच्या गावात काकी पहाटे उठली की चुलीपाशी आधी मिश्रीची डबी उघडायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, बोटावर चिमूटभर, आणि मग हिरड्यांवर. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे तिला ठाऊक होतं. सोड म्हटलं की उत्तर ठरलेलं : “माका जमूचा नाय.”

या उत्तरात आळस नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली नेमकी हीच गाठ सोडवून दाखवली. सवय सोडली तर फायदा होईल हे पटणं वेगळं आणि ती मला सोडता येईल असं वाटणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला स्वक्षमतेवरचा विश्वास म्हणू. माणूस सुरुवात करतो का, अडलं तर किती टिकतो, हे त्यावर बरंच ठरतं.

सापाला विलक्षण घाबरणाऱ्या लोकांबरोबर बांडुरांनी काम केलं. काहींना दुसरं कुणी साप हाताळतंय एवढंच दाखवलं. काहींनी जाणकाराच्या सोबतीने एकेक पायरी चढत स्वतः बिनविषारी बोआ हाताळला. विश्वास सर्वांत जास्त वाढला तो स्वतः हात लावणाऱ्यांचा. (आपल्याकडे फुरशांचं राज्य, इथे कुणी हा प्रयोग करू नये.) आम्ही विहिरीत पोहायला शिकलो तेही असंच. पाठीला असोले सुके नारळ बांधलेले, मग एक कमी, मग एकही नाही. काठावरून कितीही “येतंय, येतंय” ओरडलं तरी पाण्यात पाय स्वतःलाच मारावे लागतात.

हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. गुडघाभर चिखलात दिवसभर भातलावणी करणारी काकी एका डबीपुढे हरायची. म्हणून आम्ही डबी मागितलीच नाही, फक्त दुपारची मिश्री मागितली. डोकं जड झालं, चिडचिड झाली. तिला वाटलं, झालं, जमत नाही. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी समजावलं : निकोटिन सुटताना असं होतंच, पहिले काही दिवस जास्त, मग दोन-चार आठवड्यांत ओसरतं. त्रास तोच होता, पण काकीने त्याचा अर्थ वेगळा लावला. मला वाटतं, तिथेच पारडं फिरलं.

दुपारची गेली, मग संध्याकाळची. पहाटेच्या मिश्रीने मात्र चार महिने घेतले, मधे दोनदा परतही आली.

परवा शेजारची वहिनी पडवीत बसून म्हणाली, “माका नाय जमाचा.” काकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आधी दुपारची सोड. सकाळची मगे बघूया.”