गिरणगावची ‘हक्काची’ मतं

मुंबईच्या कापड गिरण्यांचा भाग म्हणजे गिरणगाव. तिथल्या परळ-लालबागची मतं हक्काची कुणाची? कोणत्या साली विचारताय, त्यावर उत्तर अवलंबून.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि हा भाग लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा झाला, असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात तिढा होताच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता मिळायची, आणि ती गेली काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. त्यामुळे वाटाघाटी करणारी युनियन एक आणि मोर्चा निघायचा तो दुसरीच्या झेंड्याखाली.

१९५७ साली कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. कम्युनिस्टांनी ते मत आपलं मानलं. पण तेव्हा खरा उमेदवार होता संयुक्त महाराष्ट्र! १९६० ला राज्य झालं, आणि १९६२ ला डांगे पडले. १९६७ ला परत निवडून आले, तेव्हा शिवसेना स्थापन होऊन जेमतेम वर्ष होत होतं.

५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. सहानुभूतीची लाट येईल, असा अंदाज होता. निवडून आले सेनेचे वामनराव महाडिक. पक्षाचे पहिले आमदार. डाव्यांनी कारणं दिली: दहशत, मालकांचा पैसा, काँग्रेसचा छुपा हात. त्यात तथ्य असेलही. पण दहा बाय बाराच्या खोलीत काय चाललं होतं, हे त्यातून कळत नाही. बाप तिसऱ्या पाळीला साच्यावर, म्हणजे मागावर उभा राहायचा. मुलगा मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेला, त्याला गिरणीत जायचंच नव्हतं. बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या, त्या हा पोरगा वाचायचा. बापाचा प्रश्न बोनसचा, पोराचा कारकुनीचा. ‘कामगारवर्ग’ म्हणून दोघांची मोट बांधणाऱ्यांना पोर दिसलाच नाही, असं मला वाटतं.

आता भगवाच कायमचा, असं म्हणेपर्यंत १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. १९८४ च्या अखेरीस देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत लोकसभेवर गेले. आणि पुढच्याच वर्षी मुंबई महापालिका सेनेने जिंकली! काही महिन्यांच्या अंतराने त्याच चाळींनी एक मत संपाला दिलं आणि एक नळाच्या पाण्यासाठी धावणाऱ्या सेनेच्या शाखेला. निष्ठा मोजणाऱ्यांना हे दोन्ही निकाल एका खात्यात मांडता आले नाहीत.

१९८९ ला सामंतांची ती जागा सेनेच्या त्याच महाडिकांनी घेतली.